अरुंद होडी

निवृत्तीनंतर मी छोटी होडी घ्यायचं ठरवलं. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, गळ टाकून बसायचं. बंदराच्या धक्क्यावर एक होडी विकायला होती. शेजारी जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर न करता विचारलं, "बायकोला पन नेनार?"

"हो."

"मंग ही नको. अरुंद हाय, लय हालते. रुंद तळाची बघा."

तरी मी चढून बसलो. होडी बांधलेलीच होती. दहा मिनिटांत मला ओकारी झाली. त्याने पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

"मालक कुठे भेटतील?"

"मीच. माझी बायको हिच्यातूनच पडली."

मी बाटली खाली ठेवली.

"वाचली," तो म्हणाला. "पन तवापासून माझ्याशी बोलत न्हाय."

मी रुंद होडी घेतली. त्याची अजून तिथेच बांधलेली असते.