डोंगर टाळणारे भाऊजी

भाऊजींचा फ्रान्समधल्या डोंगरांवर राग होता. ते डोंगर त्यांनी कधी पाहिले नव्हते. पण तिकडची ती मोठी सायकल शर्यत, तीन आठवडे गावोगाव मुक्काम करत फिरणारी, दरवर्षी त्या डोंगरांवर चढायची आणि भाऊजींचा अंदाज चुकायचा. मग ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "वहिनी, ही माणसं आहेत की बकऱ्या?" मी पोळी उलटायची.

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. माझे सख्खे दीर नव्हेत. ह्यांच्या ऑफिसातले, नागपूरकडचे. पण कलकत्त्यात मराठी बोलणारा शेजारी मिळाला की तो दीरच. गाड्यांचं वेळापत्रक तयार करायचं त्यांचं काम. स्वतः सायकलवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ट्राममध्ये चढतानाही ते आधी कुणाचा तरी खांदा धरायचे.

पुढच्या वर्षीची शर्यत कुठून जाणार हे तिकडे थंडीत जाहीर व्हायचं. भाऊजींचा अंदाज त्याआधी, दसऱ्याला. आपटा मिळायचा नाही म्हणून आम्ही कांचनाची पानं वाटायचो. ती देऊन झाली की भाऊजी फरशीवर नकाशा पसरायचे आणि माझ्याकडे तुरीची डाळ मागायचे. एक मुक्काम, एक डाळ. मोठं स्टेशन बघून डाळ ठेवायची आणि चढ आला की वळसा. "शंभर फुटांत एक फूट चढ असला तरी आमच्या मालगाडीला मागून दुसरं इंजिन लावावं लागतं. हे तर नुसत्या पायांवर! तिकडचे अधिकारी काही वेडे नाहीत." अशी ती शर्यत नदीकाठानं, समुद्रकाठानं, सपाटीवरून सुखानं फिरून यायची. दुसऱ्या दिवशी त्या डाळीचं वरण व्हायचं.

पूर्वी फ्रेंचांचं असलेल्या चंदननगरला एक म्हातारे बंगाली मास्तर होते. त्यांच्याकडे बोटीनं फ्रेंच वर्तमानपत्र यायचं. भाऊजी एखाद्या रविवारी हावड्याहून गाडी धरून तिकडे जायचे आणि पडेल चेहऱ्यानं परत यायचे. "पुन्हा डोंगरावर चढवलं!" अंदाजाचा कागद ऑफिसात घोषालबाबूंच्या खणात बंद असायचा, मागून बदलता येऊ नये म्हणून. सोमवारी तो मोठ्यानं वाचला जायचा. "दादा, आपनार गाडी आबार लेट!" तुमची गाडी पुन्हा लेट, म्हणून सगळं ऑफिस हसायचं, भाऊजीही हसायचे. पण त्या आठवड्यात त्यांचं जेवण कमी व्हायचं.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा ते मला म्हणाले, "एकदाच बरोबर यायला पाहिजे, वहिनी. मग मी नागपूरला सुखानं जाईन."

त्या दसऱ्याला डाळ मांडत मांडत ते वरच्या समुद्राशी पोचले. "आता इथून पुढे कुठं?" असं स्वतःशीच म्हणाले. मी ताटं उचलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पलीकडे."

"पलीकडे पाणी आहे. मग इंग्लंड."

"मग नावेतून."

भाऊजींना हसता हसता ठसका लागला. "सायकलची शर्यत नावेतून!" हेही हसले. मी हळूच म्हटलं, "आपल्या नदीच्या घाटावर गिरणीची माणसं रोज सायकली नावेत घालून पलीकडे जातात की." आणि आत निघून गेले. एवढं बोलले याचीच लाज वाटली.

थंडीत भाऊजी चंदननगरहून आले ते वर गेलेच नाहीत. आमच्या स्टुलावर बसले. "वहिनी, चालले."

"कोण?"

"ते. इंग्लंडात. एक दिवस तिकडे पळणार आणि परत येणार."

"आणि डोंगर?"

"तेही आहेतच," ते चिडून म्हणाले.

त्या वर्षी घोषालबाबू पूजेपासून आजारी होते, त्यामुळे कागद अजून भाऊजींच्याच खिशात होता. हे म्हणाले, "घाला की एक ओळ. कोण बघतंय? घरातलंच तर आहे." भाऊजींनी कागद उलगडून पाहिला, तशीच घडी करून खिशात ठेवला आणि वर गेले. लिहावं त्यांनी, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे माझं नाव कुठं निघालं नसतं.

शनिवारी दुपारी दारात पाच बंगाली बाबू, त्यात आजारातून उठलेले घोषालबाबू, हातात संदेश मिठाईचा खोका. "बौदी कोथाय?" वहिनी कुठं, म्हणून विचारत होते; मी स्वयंपाकघराच्या दारामागे. बाहेर भाऊजी सगळ्यांना हिंदीत सांगत होते की ह्या बाईनं एका शब्दात ओळखलं आणि मी गाढवासारखा हसलो. घोषालबाबूंनी विचारलं, "बौदी, अगले साल किधर से जाएगा?" मी फटीतून पाहिलं. भाऊजींनी श्वास रोखून धरला होता, जणू परीक्षा त्यांचीच होती. मी विचारलं, "चाय लेंगे?" घोषालबाबूंनी तेही कागदावर लिहून घेतलं.

पुढे भाऊजी नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "दसऱ्याआधी तुमचा अंदाज कळवा. ह्यांच्याकडून लिहवून नको." मी चौथीपर्यंत शिकलेली. पहिलं पोस्टकार्ड लिहायला चार दिवस लागले. उलट टपाली त्यांनी माझे सगळे मुक्काम खोडून पाठवले. दरवर्षी आम्ही असे भांडत राहिलो.

शेवटचं कार्ड त्यांच्या पुतण्याच्या अक्षरात आलं. काका अंथरुणावर आहेत, बोलणं फारसं उमजत नाही, पण यंदा माझा सगळा मार्ग बरोबर आला एवढं वहिनींना कळव म्हणतात. हे म्हणाले, "चंदननगरला जाऊन खरं का ते विचारून येऊ का?" मी नको म्हटलं. दुपारी पेढे घेतले आणि पहिल्यांदाच एकटी ऑफिसचा जिना चढले. "दादा का सही निकला," मी घोषालबाबूंना सांगितलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. कुठून कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. ते उठले आणि एकेका टेबलाशी जाऊन सांगत राहिले.