सुकटीच्या बदल्यात मिलो

वाचनालयाच्या फळ्यापुढं थांबलेल्या मंडळींनो, आज सकाळी माझ्या ताटात समस्त मानवजातीवर अन्याय झाला. रेशनवरच्या मिलोची, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी, आणि तोंडी लावायला सुकट नाही!

ही तक्रार आणि बदल्यात द्यायला पिशवीभर मिलो घेऊन मी थेट बाजारात गेलो. हर्णैची पार्वतीआक्का दरसाल घाट चढून साताऱ्यात येते आणि सुकटीच्या बदल्यात आपला जोंधळा नेते. आज तिच्या टोपलीत सुकट जेमतेम तळाला होती.

"काय आक्का, यंदा टोपली बुडाली वाटतं?" मी टोमणा मारला.

"टोपली नाय रे भाऊ, होरी," ती म्हणाली. "वादळानं नेली. म्हटलं, उरली सुकट देऊन घाटावरून पोरांना दाणं न्यावं, तर तुमची शेतंच सुकलेली."

मी टोमणा मागं घेतला. माझ्या बाबतीत ही बातमीच समजा.

शेजारी माण तालुक्यातली काशीबाई होती, आक्काचं जुनं गिऱ्हाईक. सध्या ती दुष्काळी कामावर खडी फोडते. तिनं आपला मिलो मापात ओतला.

"घे गं. माजा जोंधळा जळला, तुजी होडी गेली. मापाला माप! चवीबद्दल मातूर मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

"आन् माज्या सुकटीत वाळू लागली तर?"

"लागू दे की. मिलोत खडं हायतच, तेवढीच सोबत!"

दोघी खळखळून हसल्या.

मंडळी, पाऊस माणात चुकला की चूल हर्णैत विझते, हे आपल्यापैकी कुणाच्या कधी ध्यानात आलं होतं का?

मागच्या खेपेच्या सुकटीचं धान्य माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं. आक्कानं विषयही काढला नाही. ती टोपली बांधायला वाकली, तेव्हा पिशवीतला मिलो मी गुपचूप तिच्या गाठोड्यात रिकामा केला.