खिडकीवरच्या दुरुस्त्या

गलोंड्याच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात संगणक विभाग म्हणजे वजनकाट्याशेजारच्या दोन खोल्या. एकीत सर्व्हर, दुसरीत मी आणि एक खिडकी. खिडकी मुळात ट्रकवाल्यांच्या पावत्यांसाठी केलेली, पण हळूहळू सगळा कारखानाच तिच्याशी येऊन उभा राहायला लागला. कुणाच्या आडनावात चूक, कुणाची जन्मतारीख उलटीसुलटी, कुणाचा टोकन नंबर भलत्याच खात्यात. मी धुळे जिल्ह्यातली, आणि निम्मा कारखाना धुळे-नंदुरबारकडचा. त्यामुळे साहेबांसकट सगळे मला ताईच म्हणतात.

अशा दुरुस्त्यांसाठी फॉर्म होता. त्यावर सुपरवायझरची सही, मग कारखान्याच्या दवाखान्याची किंवा स्टोअरची, मग ऑफिसची. तो फिरून येईपर्यंत माणूस गावी जाऊन परत येई. मला फॉर्मांचा पहिल्यापासून तिटकारा. मी सरळ डेटाबेसमध्ये शिरायचे, एका ओळीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला थेट हुकूम, मारायचे आणि म्हणायचे, "झालं, जा." कारखान्यात याला बॅकएंडमधून करून देणं म्हणतात. माणूस हात जोडून जायचा, आणि मला ते आवडायचं, यात खोटं कशाला बोलू?

मग मुंबईच्या ऑफिसनं ठरवलं की सगळ्या कारखान्यांची माहिती एका मोठ्या साठ्यात गोळा करायची. त्याला ते डेटा लेक म्हणत. मी चेष्टेनं तळं म्हणायला लागले, आणि पुढे तेच माझ्या तोंडात बसलं. आमच्या डेटाबेसमधल्या ओळी रोज त्या तळ्यात पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या आठवड्यात मी रोज सगळंच्या सगळं उचलून पाठवत होते. त्याला इतका वेळ लागायचा की वजनकाट्याचा पडदा गोठायचा आणि ट्रकांची रांग फाटकाबाहेर जायची. मग मी डोकं चालवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना होता: शेवटचा बदल कधी झाला, त्याची तारीख आणि वेळ. आदल्या खेपेला आपण कुठपर्यंत आलो ते लक्षात ठेवायचं, आणि त्यानंतर ज्या ओळी बदलल्या तेवढ्याच उचलायच्या. जुन्या ओळींना हात लावायचाच नाही. तासन्‌तासांचं काम चार मिनिटांवर आलं. मुंबईच्या साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. मी त्या दिवशी घरी श्रीखंड नेलं.

त्यात एक मेख होती. शेवटच्या बदलाची वेळ डेटाबेस आपणहून लिहीत नसे. ती लिहायचा ऑफिसातला प्रोग्रॅम. पडद्यावरून दुरुस्ती केली की वेळ बदलायची. बॅकएंडमधून केली की ओळ बदलायची आणि वेळ जुनीच राहायची. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मला ठाऊक होतं. फक्त खिडकीशी माणूस उभा असताना ते कधी आठवलं नाही.

धाग्याला पीळ देऊन फुगवणाऱ्या मशीनच्या, म्हणजे टेक्श्चरिंगच्या, हॉलमध्ये एक ऑपरेटर होता, साक्रीकडचा, चाळिशीचा, सडपातळ. त्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं तरी आवाजानं डोकं भणभणतं. हा माणूस तिथे चौदा वर्षं होता, आणि कुठल्या मशीनची घरघर बदलली ते लांबून ओळखायचा. वर्षातून एकदा तपासणीची गाडी आवारात येते. रक्त, डोळे, छाती आणि कान. त्या वर्षी तिच्यात त्याच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं, डावा कान कमी झाला आहे, आवाजापासून दूर ठेवावं. पण दवाखान्याच्या कारकुनानं संगणकात भरताना वरच्या ओळीतल्या माणसाचा निकाल त्याच्याही ओळीत टाकला: सामान्य.

तो कागद घेऊन खिडकीशी आला. "ताई, मना डावा कानमा सू-सू आवाज येस. डॉक्टरनी लिखेल शे. पन सुपरवायझर म्हनतो, कम्प्युटरमा तू ओके छे." अहिराणी, हिंदी, गुजराती, जे आधी तोंडात येईल ते. मी कागद पाहिला, क्वेरी मारली, पडदा फिरवून त्याला दाखवला. डावा कान, कमी. "आता गोडाऊनमध्ये बदली होईल तुमची," मी म्हटलं. तो केवढ्या समाधानानं गेला.

हॉलमधून कुणाला हलवायचं याची यादी दर तीन महिन्यांनी मुंबईहून यायची, आणि ती निघायची तळ्यातून. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो विचारायला आला. मी माझा पडदा उघडला. माझ्याकडे सगळं बरोबर होतं. "पुढच्या यादीत येईल," मी सांगितलं. पुढच्या यादीतही नाव नव्हतं. तो पुन्हा आला. त्या दिवशी माझ्याकडे ऑडिटची माणसं बसली होती, तीन ट्रक काट्यावर अडकले होते, आणि हा खिडकीत तोच तो कागद धरून उभा. मी खेकसले. "माझ्याकडे बरोबर आहे म्हटलं ना? मुंबईला जाऊन भांडा." त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर तो खिडकीवर आला नाही.

रोज सकाळी मी आमच्याकडच्या ओळी आणि तळ्यातल्या ओळी मोजून पाहत असे. आकडा एकाचाही फरक न पडता जुळायचा. जुळणारच होता, कारण ओळी तेवढ्याच होत्या. आत काय लिहिलंय ते मी पाहतच नव्हते. मी चहा घेत त्या आकड्याकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं.

वर्षानं पुन्हा तपासणीची गाडी आली. या वेळी त्याच्या नावाची ओळ नवी, प्रोग्रॅममधून भरलेली, ताज्या वेळेची. ती दुसऱ्याच दिवशी तळ्यात गेली आणि पुढच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर आलं. दोन्ही कान. डावा जवळजवळ गेलेला, उजवा निम्म्याच्या खाली. त्याची बदली गोडाऊनला झाली. यादी मी दोनदा वाचली. मी गेल्या वर्षीची त्याची ओळ तळ्यात उघडली. तिथे वर्षभर लिहिलेलं होतं: सामान्य.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आमची प्रत्येक ओळ तळ्यातल्या ओळीशी रकान्यागणिक ताडून पाहिली. शंभराच्या वर ओळी जुळल्या नाहीत. एकेक वाचत गेले तसतसे चेहरे आठवत गेले. सुरंगीहून पॅकिंगला येणाऱ्या एका बाईची जन्मतारीख, कुणाचा रक्तगट, कुणाच्या बायकोचं नाव. सगळे मी "झालं, जा" म्हणून पाठवलेले. मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

त्या सगळ्या ओळींवर मी नवी वेळ टाकली. दुसऱ्या दिवशी त्या मुकाट्यानं तळ्यात जाऊन बसल्या. आमच्या साहेबांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आता बरोबर झालं ना?" मी हो म्हटलं. "मग ईमेलमध्ये लिहीत बसू नका. उगाच चौकशी लागेल." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

पण झोप लागेना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कारकुनाची चूक तू कशाला अंगावर घेतेस. कारकुनाची चूक तर मी एका मिनिटात निस्तरली होती. पुढचं वाया गेलेलं वर्ष माझं होतं. शेवटी एका रविवारी सकाळी मी त्या ऑपरेटरचा पत्ता विचारत सामरवरणीला गेले.

पत्र्याच्या चाळीत सातवी खोली. तो दारातच चटईवर बसून लसूण सोलत होता. मला बघून धडपडत उठला, खुर्ची पुढे केली. बायको म्हणाली, "बसा ताई, पानी भरी येस, मंग चा ठेवस," आणि हंडा घेऊन नळावर गेली. ती नाही तोवर बोलून टाकावं म्हणून मी लगेच सुरुवात केली. सगळं सांगितलं. क्वेरी, वेळेचा रकाना, दोन याद्या, त्या दिवशीचं खेकसणं. तुमचा उजवा कान वाचला असता, असंही म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता आणि मधून मधून मान हलवत होता. "हो ताई. बरोबर ताई." मला वाटलं, किती शांतपणे घेतोय हा माणूस.

बायको हंडा घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जोरमा बोला ताई," ती म्हणाली. "त्यास्ले काईच ऐकू येत नही."

शेजारच्या खोलीत आमच्याच कारखान्यातली चार पोरं राहत होती. मध्ये फक्त पत्रा, मोठ्यानं बोललेलं सगळं पलीकडे जाणारं. त्यांचा मोबाईल वाजत होता, मग कुणीतरी तो बंद केला. त्याची बायको स्टोव्हजवळ उभी राहून माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी खुर्चीवरून पुढे वाकले आणि ओरडून विचारलं, "गोडाऊनमध्ये बरं आहे ना?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. तो बायकोकडे वळून, ज्याला स्वतःचा आवाज कळत नाही अशा माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ह्याच त्या ताई! ह्यासनामुळेच मनी बदली झायी."

बायकोनं चहात आणखी एक चमचा साखर घातली. मी तो सगळा प्याले, दोघांना येते म्हटलं आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आले.