कुठं धरायचं, किती दाबायचं

माइकसमोर कोणी उभं राहिलं, की पैलवान आधी त्याच्या थोबाडीत एक ठेवून द्यायचा. मग घशातून हवा सोडल्यासारखं म्हणायचा, "आता बोल."

यात राग नसायचा. ही त्याची कामाची पद्धत होती. तुम्हीही पाहिलं असेल, माइक तपासायला आलेला माणूस सासऱ्याकडे पाणी मागावं तशा आवाजात वन-टू-थ्री म्हणतो. त्या आवाजावर मशीन लावलं, की खरा कार्यक्रम रंगात आल्यावर पहिल्याच आरोळीला कर्ण्यांच्या चिंध्या होतात. "खोट्या आवाजावर मशीन लावायचं नाय," तो म्हणायचा. थोबाडीत बसल्यावर माणसाच्या तोंडून जी पहिली शिवी निघते, ती मात्र अस्सल. त्या शिवीवर तो बटण लावायचा. या शास्त्राच्या सेवेत माझा डावा गाल कित्येक वर्षं होता.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो आणि सुट्टीच्या दिवशी जत्रांमधल्या कुस्त्यांचं समालोचन करायचो. सुरुवातीला कुजबुज आणि शेवटी प्रेशर कुकर, असा माझा आवाज. पैलवानाचं मुकुंदवाडीत लाऊडस्पीकरचं दुकान. तो मला "पोपट" म्हणायचा. मी त्याला पैलवान म्हणायचो, कारण तो होताच. कान भज्यांसारखे चुरगळलेले, मान खांद्यातच संपलेली. तरुणपणी एका कुस्तीत गळा दाबला गेला आणि आवाज कायमचा गेला. उरली ती पंक्चर ट्यूबची फुसफुस. हातभर अंतरावरच्या माणसालाही ती ऐकू जायची नाही, म्हणून बाकीचं सगळं तो हातांनी बोलायचा. एकदा एक रिक्षावाला त्याचं न ऐकताच निघाला, तर यानं रिक्षा मागून उचलून धरली. चाकं गरगर फिरत राहिली आणि रिक्षावाला इमानदारीत अ‍ॅक्सिलेटर पिळत राहिला. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं माइक हिसकावला. मामा नंतर पाण्याच्या टाकीत सापडला. टाकी रिकामी होती, हे मामाचं नशीब.

अशा माणसानं एक दिवस मुंबईहून जुना कॉम्प्रेसर आणला. मला वाटलं, आता टायरात हवा भरायचा धंदा काढतोय. निघाला तो एक चपटा काळा डबा, पुढं बटणं आणि लाल दिव्यांची रांग. माइकचा आवाज मिक्सरमधून या डब्यात यायचा आणि इथून अँप्लिफायरकडे जायचा. मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा, सगळं एका पातळीत आणायचं, एवढंच त्या डब्याचं काम.

पैलवानानं ते मला समजावलं ते माझी मान काखेत धरून. "हे पहिलं बटण म्हंजे कुठं धरायचं. दुसरं, किती दाबायचं. तिसरं, किती झटक्यात धरायचं. चौथं, किती हळू सोडायचं." प्रत्येक बटणाचं प्रात्यक्षिक माझ्या मानेवर. चौथ्याला त्यानं एकदम सोडलं आणि मी धापा टाकत खाली बसलो. "असं सोडलं तर आवाजबी असाच धापा टाकतो," तो म्हणाला. शेवटचं बटण दाबलेल्या आवाजाला पुन्हा वर उचलायचं. ते शिकवायला त्यानं मला मानेला धरूनच उठवलं. "पण ध्यानात ठेव, पोपट. हे शिवीबी उचलतं आन् कुजबुजबी. मधल्या वेळात तोंड बंद."

मी व्हय म्हणालो. मान सुटावी म्हणून माणूस कशालाही व्हय म्हणतो.

डबा त्यानं आणला होता एकाच मैदानासाठी. वैजापूरकडं त्याचं गाव. नदीच्या अलीकडे ते, पलीकडे दुसरं, आणि जत्रेचं कुस्तीचं मैदान दोघांचं मिळून. त्याच मैदानात पलीकडच्या एका पैलवानानं त्याचा गळा दाबला होता आणि त्याच संध्याकाळी याच्या भावांनी त्या पैलवानाचा पाय पहारीनं मोडला होता. मग दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली. मैदान बंद झालं ते झालंच. आता इतक्या वर्षांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ते पुन्हा उघडायचं ठरवलं होतं. पुन्हा मारामारी झाली तर मैदानात नांगर फिरवायचा, अशी अट होती. तुझ्या गळ्यापायी मैदान गेलं, असं गावातले लोक पैलवानाला तोंडावर म्हणायचे. जत्रेला जाताना टेम्पोत तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आज नीट झालं पायजे. मला गावात मान वर करून हिंडायचंय."

दुपारी त्यानं डबा लावायला घेतला. आधी मला ठेवून दिली. मग अलीकडचे सरपंच दोन शब्द बोलायला आले, त्यांनाही दिली. अलीकडचे लोक उठून उभे राहिले, पलीकडचे खिदळायला लागले. पैलवान शांतपणे खाली उतरला, पलीकडच्या सरपंचांना हाताला धरून वर आणलं आणि त्यांनाही तेवढ्याच जोरानं दिली. दोन्ही शिव्यांना लाल दिवे सारखेच लागले. दोन्ही गावांचं समाधान झालं.

कुस्त्या सुरू झाल्या. मी किंचाळत होतो आणि कर्ण्यांतून एखाद्या शहाण्या माणसाचा आवाज येत होता. शेवटची कुस्ती एका अलीकडच्या आणि एका पलीकडच्या गड्याची. दोघं बराच वेळ नुसते मानेवर हात टाकून गोल फिरत राहिले. मी बोलायचा थांबलो आणि शेजारी बसलेल्या पंचांना ओठांतल्या ओठांत म्हणालो, "पलीकडचा पैसे खाऊन आलेला दिसतो. आता मुद्दाम पडतोय बघा."

डब्यानं ते अलगद उचललं. रेडिओवर बातम्या द्याव्यात इतक्या स्वच्छ आवाजात ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

पहिला दगड माझ्यासाठी होता. तो पंचांना लागला आणि त्यांचा दात माझ्या सदऱ्यावर येऊन पडला. मग दोन्ही बाजू एकमेकींत घुसल्या. मांडवाचे बांबू उपटले गेले. कोणी एक कर्णाच उखडून दुसऱ्याच्या टाळक्यात घातला. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलेला एक जण स्वतःच्याच मेव्हण्याला बडवत होता आणि मेव्हणा ओरडून आपलं नाव सांगत होता. मी समालोचकाला शोभेल अशा चपळाईनं टेम्पोखाली गेलो. तिथून मला फक्त पाय दिसत होते.

तेवढ्यात माझ्या कानाशी फुसफुस ऐकू आली. मी दचकून मागं बघितलं. कोणी नव्हतं. ती फुसफुस कर्ण्यांतून येत होती.

"मी बोलतोय," पैलवान म्हणाला. "माझा गळा ज्यानं दाबला तो तिकडं लिंबाखाली बसलाय. ये रं. आपली कुस्ती निकाली झाली नवती. ज्याला हाणामारी करायचीय, त्यानं आधी ही बघावी."

त्या गावानं त्याचा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पळणारे पाय थबकले. त्यांच्यामधून दोन पाय आखाड्याकडं आले, एक सरळ आणि एक ओढत.

मग मातीत धप्प झालं. माइक त्यानं आखाड्याच्या कडेलाच टाकला असावा, कारण पुढचं सगळं कर्ण्यांतून ऐकू येत होतं. मातीत घासणारी पाठ. दातांवर दात. एकानं "सोड" म्हटलं, दुसऱ्यानं "नाय सोडत". एक बरगडी मोडली, तीसुद्धा अख्ख्या मैदानानं ऐकली. खच्चून दाबलेली एक किंकाळी आली, नंतर ओल्या फडक्यावर काठी मारावी तसे ठोसे. दोन म्हातारे आपलं इतक्या वर्षांचं सगळं एकमेकांच्या अंगावर रिकामं करत होते. माझ्यासमोर कोणाच्या तरी हातातला दगड गळून पडला. मग आणखी एक. टाळी कोणी वाजवली नाही. शेवटी कर्ण्यांत नुसत्या दोन धापा राहिल्या, एका पातळीत.

मैदानात नांगर फिरला नाही. डोकी फुटली होती, पण अट आठवण्याचं धाडस कोणी केलं नाही. पैलवान बरगड्या बांधून गावभर मान वर करून हिंडला. मान त्याला नव्हतीच, पण हिंडला.

पुढं तो लंगडा पैलवान अधूनमधून मुकुंदवाडीच्या दुकानावर यायला लागला. दोघं चहा प्यायचे आणि कुस्ती कोणी मारली यावरून भांडायचे. मातीला पाठ तुझीच लागली, नाय, तुझी. मग दोघं माझ्याकडं वळायचे. तू समालोचक हायेस, तू सांग. मी पाहिले होते फक्त पाय आणि टेम्पोचं चाक. मी बरोबरीत सुटली म्हणायचो आणि दोन्ही बाजूंनी एकेक फटका खायचो.

पैलवान गेला तेव्हा त्याला गावी, नदीकाठी नेलं. दोन्ही गावांतले लोक आले होते. चिता पेटली आणि सगळे मागं सरले. लंगडा पैलवान काठी टेकत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पाठ माझी लागली होती. सांग समद्यांना."

मी गांगरलो. स्मशानात काय समालोचन करायचं? त्यानं पुन्हा सांगितलं, "मोठ्यानं सांग. गड्याला निकाल कळू दे."

मी घसा खाकरला आणि माझ्याकडं होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, पलीकडचा पैलवान चितपट, अलीकडचा विजयी.

निकाल सांगितला की पंचानं विजेत्याचा हात वर धरायचा असतो. लंगड्यानं काठी खाली टाकली, चितेकडं तोंड केलं आणि विजेत्याच्या हाताच्या जागी आपल्याच उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं पकडून तो हात वर धरला. धूर अंगावर येत होता. त्यानं हात खाली घेतला नाही.