तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

आमच्याकडे किस्से जुन्या चार्जरसारखे साठतात. कुठला कुणाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. कसबा पेठेतल्या एका खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही चार जण लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी सिस्टिम टाकून देतो. आमचे म्होरके कांबळे सर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मी आयटीतला, म्हणजे त्यांच्या मते अर्धवट शिकलेला.

*

एका काकूंच्या लॅपटॉपवर लिनक्स बसलं, पण वाय-फाय काही चालेना. मी दोन रविवार वाय-फायची ड्रायव्हर सॉफ्टवेअरं बदलत बसलो. तिसऱ्या रविवारी सरांनी लॅपटॉप उचलला आणि कडेचं बारीकसं बटण सरकवलं. वाय-फाय सुरू!

"बटण बंद होतं," ते काकूंना म्हणाले. "बाकी सगळं आमच्या इंजिनिअरने तपासलंय."

*

मंडईत गाळा असलेले एक गृहस्थ आले. त्यांचं मशीन सुरू होईपर्यंत चहा पिऊन यावं, इतकं हळू. नवंकोरं करून द्या म्हणाले. मी 'संपूर्ण डिस्क पुसा' निवडून एंटर मारलं. लॅपटॉप फर्स्ट क्लास पळायला लागला. मग त्यांनी विचारलं, "यात आईचं रेकॉर्डिंग होतं, ते कुठे दिसेल?"

आई गेलेली होती. सरांनी दिवसभर खटपट केली, पण काही परत मिळालं नाही. असू द्या म्हणून ते गृहस्थ गेले आणि पुढच्या रविवारी आमच्यासाठी पेरू घेऊन आले. मला तो पेरू खाववला नाही.

तेव्हापासून सरांचा नियम आहे. पुसण्याआधी मालकाला तीनदा विचारायचं, काही ठेवायचंय का? तीनदा 'नाही' आलं तरच एंटर.

*

लोक वैतागतात. एक आजोबा म्हणाले, "अहो, माझ्या लग्नाच्या वेळी मला एकदासुद्धा विचारलं नव्हतं!"

*

वाघोलीहून कॉलेजची एक मुलगी आली. तिच्या लॅपटॉपचा मदरबोर्डच गेला होता आणि प्रोजेक्ट पंधरा दिवसांवर. ती रडू आवरत होती. सर म्हणाले, माझ्याकडे एक पडून आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी निखिलचा, त्यांच्या मुलाचा लॅपटॉप आणला. निखिल चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याने झाकणावर चिकटवलेलं स्टिकर अजून तसंच होतं.

पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की आतल्या फायली बघता येतात, हे मला सरांनीच शिकवलेलं. चार वर्षांत त्यांनी स्वतः ते केलं नव्हतं.

मी पेन ड्राइव्ह लावला आणि पुसायच्या पायरीपर्यंत आलो.

"सर, काही ठेवायचंय का?"

"नाही."

"काही ठेवायचंय का?"

"नाही."

मग त्यांनी स्टिकरवर हात ठेवला. "आज तिसऱ्यांदा विचारू नकोस."

मुलीला त्यांनी त्याच दिवशी स्वतःचा लॅपटॉप दिला. तो पुसताना आम्हाला एकदाही विचारू दिलं नाही.

निखिलचा आमच्या कपाटात असतो. दर रविवारी सर तो काढून टेबलावर ठेवतात, आणि मी दोनदा विचारतो.