सगुणाताई आणि मशिनची मोजणी

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात सगुणाताई म्हात्रे सगळ्यात जुनी डेटा एंट्री ऑपरेटर. तिथल्याच गावातली. कारखान्यात जमीन गेली, बदल्यात ही नोकरी मिळाली. चहात पाणी जास्त आहे का, ते कप उजेडात धरून बघायची. मॅनेजर कधी हसून बोलला, तर दिवसभर माझ्या मागे लागायची, "हा का हसला गं?" पण बाई लाख मोलाची. दीर वारल्यापासून त्याची पोरगी मनस्वी तिच्याकडेच होती. पोरीचं टायपिंग झालेलं, अर्ज दिलेला, आणि ताईला एकच ध्यास, हिला इथे चिकटवायची.

सत्त्याण्णव साली आशुतोष नावाचा इंजिनियर आला. आमचे सगळे टर्मिनल, म्हणजे समोरचे स्क्रीन आणि कीबोर्ड, एकाच मोठ्या युनिक्स कॉम्प्युटरवर चालायचे; त्यालाच आम्ही मशिन म्हणायचो. मशिन किती राबलं, किती वेळ रिकामं बसलं, हे ते स्वतःच टिपून ठेवतं, अशी त्यात सोय असते. आशुतोषनं ती चालू केली.

"काय मोजता, साहेब?" ताईनं विचारलं.

"मशिनचा परफॉर्मन्स. तुमचा काही संबंध नाही."

झालं! संबंध नाही म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली.

"स्मिता, मोजाला आले का समज, कायतरी जानार. आमच्या शेतावर पन असेच आले होते. मशिन रिकामं दिसलं का बोलतील, बायका जास्त झाल्या. मग माजी मनस्वी कुठली लागते?"

तेव्हापासून हातात काम नसलं की ती वर्षभराच्या स्टॉकचा रिपोर्ट चालू करून ठेवायची. संपला की पुन्हा तोच. आमचे स्क्रीन अडकायचे, आम्ही कावायचो. ती मात्र खूश.

महिन्याभरानं आशुतोष आमच्या खोलीत आला. "ताई, वाईट वाटतं हो. चार टर्मिनल वाढवून चार मुली घ्यायच्या होत्या. मशिनला झेपेल का, तेवढंच बघत होतो. मनस्वीचा अर्ज पहिला होता. पण मशिनला उसंतच नाही."

अरे शहाण्या, हे आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलं होतं? अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

ताईचा चेहरा उतरला. स्वतःच्या नोकरीचाही विचार न करता ती बोलून गेली, "साहेब, ते काम खोटं हाय. मीच उगाच रिपोर्ट लावत होते."

आशुतोषनं तिच्याकडे रोखून बघितलं. "पुतणीसाठी आता हे सांगताय होय?"

"देवाशप्पथ! या स्मिताला विचारा."

मी खरं तेच सांगितलं. तो हसला. "तुम्ही दोघी एकाच खोलीतल्या."

"मग परत एकदा मोजा ना, साहेब," ताई हात जोडून म्हणाली. "आमी मशिनला जास्तीचा हात पन लावनार नाय."

"तेच तर," आशुतोष म्हणाला. "आता तुम्ही मशिन मुद्दाम रिकामं ठेवाल. मग मोजलेलं मी खरं कसं धरू?"