शेळीला सांगितलेला रिपोर्ट

बायांनो, या अशा जवळ. लांबून नुसत्या माना डोलावू नका. अन् रक्ताचा रिपोर्ट डब्याखाली सरकवून 'बघू उद्या' म्हणायची तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. ऐका.

माझी धाकटी जाऊ कौसा जाऊन सव्वा महिना झाला. मेलेलं माणूस गोड लागतं म्हणतात... मला अजून नाही लागली. मिरजगावात आमची दारं शेजारी, दोघींचे धनी गेलेले, मध्ये एक अंगण अन् वर्षभराचा अबोला. गेल्या उन्हाळ्यात तिच्या चांदी शेळीनं माझ्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या. वर ही म्हणते, "तिला तरी आवडल्या, नशीब समजा बाई." तेव्हापासून जे बोलायचं, ते आम्ही दोघी चांदीला बोलायचो.

मग कौसाला टायफॉईड झाला. गोळ्या घेऊन पाचव्या दिवशी अंग गार लागलं, तशी उठून अंगण झाडायला लागली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं होतं. तिचा फोन साधा, म्हणून रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. सीआरपी म्हणून आकडा असतो, तो उतरायचा सोडून दुपटीवर गेलेला. खाली डॉक्टरांचा निरोप : पेशंटला आजच घेऊन या.

चार पावलं होती हो... पण मान वळेना. म्हणाले, "चांदे, कुणाच्या तरी रक्तातला आकडा वाढलाय म्हणं. दवाखान्यात बोलावलंय."

कौसानं खराटा आपटला. "चांदे, सांग त्यांना, ताप उतरलाय माजा. लोकांच्या रगतात डोकवायची लई हौस हाय!"

"मर मग," मी म्हणाले. तेही शेळीलाच.

तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळ उठली. नगरला नेताना गाडीत ती वर्षानं माझ्याकडं बघून बोलली, "बाई, चांदीला पाणी पाजलं का?" तेवढंच. आतड्याला भोक पडलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळीनं अंग गार पडलं आजी, पण आतली सूज वाढतच होती. तो आकडा तेच ओरडून सांगत होता."

आकडा ओरडला. मी टोमणा मारला.

चांदी आता माझ्या दारात असते. परवा कुरडया घातल्या, तिच्या तोंडाशीच. खाल्ल्या तिनं. शेजारच्या दारातून कुणी काही बोललं नाही.

कौसाची लेक सुमन पुण्याला असते, माझा फोन उचलत नाही. बरोबर आहे तिचं. सुमे, हे तुझ्या कानावर आलं तर ये गं लवकर. ये अन् भांड, पण माझ्या तोंडावर. चांदीला मध्ये घेऊ नकोस.